नामाच्या गाडीचं डावं चाक

डावं चाक खालून बाहेर निसटलं, वरून आत दबलं आणि मडगार्डखाली आडवं झालं. गाडी नाक टेकून नाल्याच्या उतारावर बसली. तुझी कमल माझ्या मांडीवर होती. तिचा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून तुकतुकीत झाला होता आणि दातांच्या कडेनं रक्त यायला लागलं होतं. गाडी थांबली होती, नामा, तरी तू स्टेअरिंग सोडत नव्हतास. मी म्हटलं, उतर. तू उतरला नाहीस. समोरच्या काचेकडे पाहत म्हणालास,

"काल तर आवाज नव्हता, बाई."

जन्मभर तू पुष्कळ बोललास. पण तू गेल्यापासून मला आधी ऐकू येतं ते हेच.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं उठून उठून बोलली. नामदेव शांत होता, कोणाला वावगं बोलला नाही, अडल्यानडल्याला गाडी घेऊन धावला. सगळं खरं आहे. तू हट्टी होतास, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, अशी रीत आहे. मला ती जमत नाही. मी तुझी मोठी बहीण. तुझा शेंबूड पुसला तो मी. मला उठून बोलायला सांगितलं तेव्हा मी बसूनच राहिले. गुडघे दुखतात म्हटलं. दुखतातच. पण मला जे बोलायचं होतं ते चाकाबद्दल होतं, आणि ते ऐकायला तूच पाहिजे होतास.

तुझी बायको गेली तेव्हा कमल नीट चालतही नव्हती. माझा नवरा त्याच्या आधीच गेलेला, मूलबाळ नाही. मी तुझ्या घरी आले ती कमलला वाढवायला, तुझा स्वयंपाक करायला नाही, हे मी उंबऱ्यातच सांगितलं होतं. तू विचारलंस, मग स्वयंपाक कोण करणार? मी म्हटलं, तू. तुझ्या हातच्या भाकरी काही दिवस खाल्ल्या. मग कमलचं पोट बिघडलं आणि मी चूल ताब्यात घेतली. तू ते मुद्दाम केलंस असा माझा संशय आहे. तो अजून फिटलेला नाही.

तेव्हा तू पाटलाकडे सालदार होतास. वर्षाची बोली, आणि बैलांचं सगळं तुझ्याकडे. पुढे पाटलाच्या ट्रॅक्टरवर हात बसला, मग आदिलाबादच्या एका डॉक्टरची जुनी गाडी घेतलीस. पांढरी, गोल पाठीची, दार लावताना उचलून लावावं लागायचं अशी. भीमपूरकडून आदिलाबादला माणसं न्यायची-आणायची. मागे मावतील तितकी, पुढे गिअर टाकताना कोणाच्या तरी मांडीला हात लागेल इतकी. बाया म्हणायच्या, नामाभाऊच्या गाडीत बसलं की दळण दळल्यासारखं अंग हलते. तू हसायचास. तुला ती तारीफ वाटायची.

सालदारी सुटली पण बैल तुझ्या डोक्यातून गेले नाहीत. चढावर तू गाडीला "चल, राजा" म्हणायचास आणि उतारावर "हो, हो". मुक्कामाला आलास की बोनेटवर थाप मारून मगच घरात यायचास. इथवर मी कधी काही बोलले नाही. माणसानं कशावर तरी जीव लावावा. माझं भांडण पोळ्यावरून होतं.

आपल्या वस्तीनं पोळा कधीचाच सोडला होता. आपल्या आईबापांनीच दीक्षा घेतली तेव्हा सोडला. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कुणब्यांकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे तुपाहळदीनं पळसाच्या पानानं शेकायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीचं जेवायचं आमंत्रण द्यायचं. पाटलाच्या गोठ्यात हे तूच करायचास. गाडी आली आणि तू तेच गाडीला करायला लागलास. वाटीत तूप, हळद, पळसाचं पान. पुढच्या दोन चाकांपाशी उकिडवा बसायचास आणि चाकामागच्या लोखंडाला पान लावून म्हणायचास, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

वस्तीतली तरणी पोरं टिंगल करायची. नामाकाका, आपलं काय ठरलं अन् तुमी काय करून राह्यले? तू रागवायचा नाहीस. "यात देव कुठी हाय?" म्हणायचास. "ज्यानं ओझं वाह्यलं त्याले विचारनं हाय फक्त." पोरं गप्प व्हायची. मी व्हायची नाही. मी विचारायची, उद्या पुरण कुठं घालू, बोनेटात का डिकीत? तू म्हणायचास, "तू फक्त कर, बाई. खायाले मी हाय."

चेष्टा झाली. पण त्यात एक खरं काम दडलेलं होतं, आणि चूक तिथं होती. शेकून झालं की तू ग्रीसचा पंप घ्यायचास आणि पुढच्या सांध्यांना ग्रीस मारायचास. वर्षातून तेवढंच. पुढच्या चाकाला वर आणि खाली असे दोन सांधे असतात. गाडीचं वजन त्यांच्यावर आणि चाक वळतं तेही त्यांच्यावर. खालच्या सांध्याला मोठ्या बोल्टासारखे आटे असतात. त्यात ग्रीस राहिलं नाही तर नाल्याचं पाणी आणि रेती शिरते आणि आटे खाऊन टाकते. दर महिन्याला ग्रीस मार, असं मिस्त्री तुला सांगून थकला. तू म्हणायचास, बैलाचे खांदे वर्षातून एकदाच शेकतात, बाकीचं वर्ष तो वाहतोच ना.

बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, नामा. कातडी जाड होते. लोखंडाला घट्टा पडत नाही. लोखंड फक्त झिजतं. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं, याच शब्दांत.

त्या साली पाऊस सुरू झाला तसं चाक वाजायला लागलं. खड्ड्यातून जाताना खालून कट् असा आवाज, पायाच्या तळव्याला लागणारा. मग वळताना पण. गाडी डावीकडे ओढायची, आणि डाव्या टायरचा आतला काठ असा घासला की रबर जाऊन आतले दोरे दिसायला लागले. मी बाजाराला आले होते तेव्हा तू गाडी मिस्त्रीकडे घातलीस. त्यानं जॅक लावून चाक उचललं, वरखाली धरून हलवलं. चाक हललं. मग त्यानं मला गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगितला. मी दाबला. तरी चाक तेवढंच हललं. मिस्त्री म्हणाला, ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं असतं तर बेरिंग ढिली असती. ही बेरिंग नाही.

"किंगपिन गया, नामदेव," तो म्हणाला. "नीचे के आटे खतम. इसको बैलगाड़ी समझ के मत चला. चक्का सो जाएगा."

चाक झोपेल म्हणाला. माझा पाय ब्रेकवरच होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू चाकाकडे पाहत होतास, आजारी जनावराकडे पाहावं तसं. त्या दोन सांध्यांमधला किंगपिन आणि त्याचं बुश निजामाबादहून आणावं लागणार होतं, आणि गाडी तोवर उभी ठेवावी लागणार होती. तू म्हणालास, पोळा होऊ द्या. मिस्त्रीनं विचारलं, पोळ्याचा आणि किंगपिनचा काय संबंध? मला माहीत होतं. नवं लोखंड घालायचं तर आधी जुन्याचं एकदा शेकून व्हायला पाहिजे, त्याशिवाय त्याला काढायचं नाही, असं तुझ्या मनात होतं. म्हातारा बैल कोणी पोळ्याच्या तोंडावर विकत नाही. हे कोणत्याही मिस्त्रीला समजणार नव्हतं आणि मला समजलं याचाच मला राग आला.

मधल्या दिवसांत तू आपल्या डोक्यानं उपाय केलेस. बेरिंगचं नट आवळलंस, म्हणजे चाक हलताना दिसू नये. मग चाक तापायला लागलं, करपट वास यायला लागला, पुन्हा ढिलं केलंस. ट्यूबच्या चकत्या कापून सांध्यात कोंबल्यास. त्या नाल्यातून दोनदा गेल्यावर बाहेर आल्या. मी रोज विचारायची, निजामाबादला कधी जातोस? तू रोज म्हणायचास, जाईन ना. माणसं नेणं मात्र चालूच होतं, कारण पाऊसपाण्यात बाळंतीण, तापकरी, सगळे तुझ्याच दारात यायचे. त्यांना नाही म्हणणं तुला जमलं नाही. तुझा चांगुलपणा आणि तुझा आळस यांना वेगळं करणं कठीण होतं, आणि अजून कठीण आहे.

खांदशेकणीच्या संध्याकाळी तू नेहमीसारखं सगळं केलंस. तूप, हळद, आवतन. मग पंपानं भरपूर ग्रीस मारलंस, बाहेर येईपर्यंत. गाडी वस्तीतून एक चक्कर फिरवून आणलीस आणि धावत घरात आलास. "पाह्य बाई, शांत झाली." मी बाहेर येऊन ऐकलं. तू पुन्हा फिरवलीस. खरंच आवाज नव्हता. मिस्त्रीनं पुढे सांगितलं, झिजलेल्या जागेत ग्रीस भरलं की आवाज तेवढा दबतो, गेलेले आटे परत येत नाहीत. त्या संध्याकाळी ते आपल्या दोघांना ठाऊक नव्हतं. तू इतका खूश होतास की कमलला खांद्यावर बसवून अंगणात नाचलास.

पोळ्याच्या दिवशी तू गाडी काढायचा नाहीस. बैलाला सुट्टी तशी तिला. बोनेटवर बेगड चिकटवलेली, आरशाला घुंगरांची माळ. दुपार कलल्यावर कमल शेळीसाठी गवत कापायला शेताच्या धुऱ्यावर गेली आणि आपल्या पायांनी परत आली. हातात विळा तसाच. "आत्या, पान लागलं," म्हणाली. आपल्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत. पायावर दोन टिपके होते आणि ते पाहता पाहता काळेनिळे व्हायला लागले. परड होती, म्हणजे घोणस. ती तिनं पाहिली होती, जाड आणि शिट्टीसारखी फुसफुसणारी.

शेजारचे म्हणाले, मंतर टाकणाऱ्याकडे न्या, जवळ आहे. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. घुंगरांची माळ ओरबाडून काढलीस, दार उचलून उघडलंस आणि म्हणालास, "बस, बाई." बाकी कशाहीबद्दल मी तुझ्याशी भांडेन, या गोष्टीबद्दल नाही. त्या काळी आपल्याकडे किती जणांनी आपली लेकरं मंतरात घालवली. तू घालवली नाहीस.

आणि मग नाल्याचा उतार.

तुला गाडीतून मीच ओढून काढलं. मग तू भानावर आलास. कमलला तू उचललंस आणि आपण नाल्याच्या अलीकडच्या वस्तीवर गेलो. पहिलंच घर केरबाचं. म्हातारा कुणबी, दारात बैलजोडी. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. तो त्यांना नाल्यापलीकडच्या गावात तोरणाखाली न्यायला निघाला होता. मी म्हटलं, बैल जुंपून द्या, डांबरी सडकेपर्यंत न्या, तिथं लॉरी मिळेल.

"आज जू नाही चढत, बाई," केरबा म्हणाला. "पुजले बैल."

मी कमलचा पाय दाखवला. त्यानं पाहिलं आणि मान वळवली. मग तुला ओळखलं. तू पाटलाकडे होता ना, म्हणाला, तुले तर समजते. आणि तू, पोटची पोर हातात घेऊन, मान खाली घालून म्हणालास, "समजते."

मला तेव्हा तुझ्या मुस्काटात मारावंसं वाटलं होतं. हात रिकामा असता तर मारलीही असती, पण मी कमलचं डोकं धरलं होतं. मी केरबाला म्हटलं, "याले समजते म्हणून हा उभा हाय. मले नाही समजत. दमणी कुठी हाय तुमची?"

केरबाची म्हातारी ओट्यावर पोळ्यांची परात घेऊन बसली होती. ती तिथूनच बोलली, बैलाले काय माहीत आज काय हाय ते. केरबानं कासरा माझ्या हातात दिला. "मी नाही चढवणार," तो म्हणाला. "अन् म्या काही पाह्यलं बी नाही." आणि तो ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला, चुन्याची डबी काढून.

दमणी हलकी गाडी, ती मी ओढून आणली. जू उचललं. मी आयुष्यात बैल जुंपलेले होते, पण थोडेच, आणि साधे, नटवलेले नाहीत. उजवा आला. डावा बाशिंगामुळे बिचकला, मान झटकली, माझ्या पायावर पाय दिला. मी शिव्या दिल्या. तो आणखी मागे सरला. मानेखालून बांधायची जुपणी हातातून सुटली. तू कमलला घेऊन तिथंच उभा होतास. दोन्ही हातांत पोर, त्यामुळे हात लावायचा प्रश्न नव्हता. पण तू बोललास. हळू, गोठ्यात बोलायचास तसं. "हो राजा, हो. थोडंसंच हाय. हो." आणि तो बैल पुढे आला आणि त्यानं आपण होऊन मान जुवाखाली दिली.

मी जुपणी बांधली. बैल मी हाकले, कमलचं डोकं माझ्या मांडीवर. तू बैलांच्या पुढे पायी चालत होतास. नाल्याला गुडघाभर पाणी होतं, तू आधी शिरलास.

पलीकडच्या गावात पोळा फुटायची वेळ झालेली. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली गावचे सगळे बैल उभे, वाजंत्री चाललेली. रस्ता तिथूनच होता. आपली दमणी दिसली तशी वाजंत्री थांबली. सगळ्या बैलांचे खांदे मोकळे आणि एकाच जोडीवर जू, ती पण झुलीबाशिंगासकट. कोणीतरी ओरडून विचारलं, ही कोणाची जोडी? कोणी म्हणालं, केरबाची, अन् हाकून कोण राह्यली पाह्य. ते "कोण" कसं म्हटलं गेलं ते मी ओळखते. माझ्या हातात बैल हाकायची तुतारी होती. ती मी खाली ठेवली नाही. तू पुढे गेलास, हात जोडलेस आणि मान खाली घालून एवढंच म्हणालास, "पोरीले पान लागलं, बाप्पा."

बैल बाजूला झाले. एका म्हाताऱ्यानं तोरणाचा दोर काठीनं वर उचलून धरला, दमणी अडकू नये म्हणून. सडकेवर सरकी नेणारी लॉरी मिळाली. दमणी परत न्यायला गावातला एक पोरगा मागून आला होता. तू त्या बैलांच्या खांद्यावरून हात फिरवलास, मग लॉरीत चढलास. घाई करण्याच्या वेळी तुला ते सुचलं, म्हणून मी तुला तिथंही बोलले.

त्या जुवावरून आपण किती वर्षं भांडलो. पुढच्या उन्हाळ्यात केरबाचा डावा बैल मेला. तू म्हणालास, पोळ्याचं जू भोवलं. मी म्हटलं, म्हातारा बैल होता, मरणारच. तू म्हणालास, तू चढवलंस. मी म्हटलं, मी नुसतं बांधलं. मान त्यानं तुझ्या शब्दावर दिली. मग कधीतरी, जेवताना, काही संबंध नसताना म्हणायचास, पण बांधलं तर तूच ना. आणि मी म्हणायची, चाक कोणाचं निघालं मग? एवढ्यावर आलं की दोघंही ताटात पाहायचो. याच्या पुढे भांडण कधी गेलं नाही. पुढे काय आहे ते दोघांनाही माहीत होतं.

केरबा स्वतः त्या जुवाबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. तो असेपर्यंत दर वर्षी खांदशेकणीला तू त्याच्या गोठ्यात जायचास आणि त्याच्या नव्या बैलाचे खांदे शेकून यायचास. तो तुला विचारायचा, मोटारचे झाले का शेकून? तू सांगायचास, मोटारचं आता दर महिन्याला. तेही खरं होतं. दोन्ही चाकांचे किंगपिन-बुश तू निजामाबादहून आणलेस आणि मिस्त्रीजवळ बसून बदलून घेतलेस, आणि त्यानंतर अमावास्येची अमावास्या ग्रीस चुकवलं नाहीस. एवढंच केलं असतंस तर ठीक. तू जगाची चाकं हलवायला लागलास. गावात कोणाची गाडी आली की वाकून पुढचं चाक दोन्ही हातांनी धरायचास. लग्नाला आलेल्या वऱ्हाडाच्या जीपलाही. नवरदेवाच्या बापानं एकदा विचारलं, हा माणूस चाक चोरतो का काय? मला हसू आलं होतं. ते मी तुला दाखवलं नाही.

गाडी विकलीस त्यालाही आता काळ झाला. तुझे डोळे गेल्यावर तू अंगणात खाटेवर बसून रस्त्यावरची गाडी नुसत्या आवाजावरून ओळखायचास. उजव्या चाकात खेळ हाय, म्हणायचास. मी म्हणायची, झोप. लोक म्हणायचे, नामाभाऊ, आता तुमचेच सांधे झिजले. मला असलं बोलणं आवडत नाही. माणूस झिजतो तो झिजतो, त्याला बुश बदलता येत नाही, म्हणून त्याची गाडीशी बरोबरी करू नये. तुझी कंबर मी चोळली ती कंबर म्हणून चोळली.

दवाखान्याचं अजून राहिलं. आदिलाबादला पोचलो तेव्हा नर्सनं तुला तेलुगूत काहीतरी विचारलं, रागानं. तू एका वाक्यात उत्तर दिलंस. तिचा राग गेला आणि तिनं तुझ्याकडे असं पाहिलं की मी तुला विचारलं, काय म्हणाली ती?

"उशीर काऊन केला म्हणे."

"मग तू काय सांगितलं?"

"खरं सांगितलं," तू म्हणालास. त्यापुढे मी विचारलं नाही.

सुया दिल्या, सलाईन लावलं. कमलच्या लघवीत रक्त होतं. तू वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसलास ते उठलाच नाहीस. चहा आणला तर पेला हातातच थंड व्हायचा. पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं. मग ती दोन्ही काढावी लागली. पोटरीचं मांसही काही गेलं. त्या दिवशी डॉक्टर बाहेर आला तेव्हा तू पाणी आणायला गेला होतास. मी त्याला सरळ विचारलं, आधी पोचलो असतो तर पाय शाबूत राहिला असता का? तो दमलेला होता. म्हणाला, आता ते विचारून काय करता, आजी. मी तेव्हा आजी नव्हते. पण त्यानं एवढंच सांगितलं. हो म्हटलं नाही, आणि नाही असंही म्हटलं नाही.

तू पाणी घेऊन आलास. मी डॉक्टरशी बोलत होते ते तुला दिसलं होतं. तू विचारलं नाहीस. घरी आल्यावर विचारलं नाहीस, कमल लंगडत शाळेत जायला लागली तेव्हा नाही, ती मास्तरीण झाली तेव्हा नाही, आणि आता शेवटी, माझा हात धरून पडला होतास, तेव्हाही नाही. मी इतकी वर्षं वाट पाहिली, नामा. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, की मी विचारलं होतं आणि मला उत्तर मिळालं नाही. तेवढंच माझ्याजवळ होतं. तुला बहुतेक वाटत राहिलं की माझ्याजवळ उत्तर आहे आणि मी ते दयेनं लपवलं आहे. मी तुझ्यावर दया कधी केली होती?

परवा लोकांनी कमलला बोलायला उभं केलं. ती उभी राहिली, काठी न घेता, आणि खाली बसली. मग घरी येऊन तिनं पोळ्यांचं पीठ मळलं, कारण माणसं जेवायची होती. मी तिच्याजवळ बसले.

चाक निघालं तेव्हा त्या गाडीत आपण तिघं होतो. कमल जगली. मी जगले. तूही जगलास, परवापरवापर्यंत.